हिवरतळ्याची तांबडी चिठ्ठी

कसबे हिवरतळ्याच्या पूर्वेच्या वेशीला आता दरवाजा नाही. दोन बुरूज तेवढे उरले आहेत. एकावर उंबर उगवला आहे, दुसऱ्यावर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक लागतात. मधून एसटी जाते. डाव्या बुरुजाच्या पायथ्याशी गुडघ्याएवढा दगडांचा ढीग आहे. वाकून पाहिले तर दगडांखाली कागद दिसतात. हाताने केलेले, जाड, मळकट पांढरे, आणि त्यात कुठे कुठे तांबडा धागा. काहींचा पावसाने लगदा झालेला असतो, काही नवे असतात.

किल्ला बघायला येणारे इथे गाडी थांबवतातच. नवसाच्या चिठ्ठ्या का, म्हणून विचारतात. नाहीत. आत काय लिहिले आहे? काही नाही. एक वाटोळे उमटवलेले असते, बस. फोटो काढायचा तर लांबून काढा, दगड हलवू नका. आणि इथे पैसे टाकू नका, हा देव नाही.

मग काय आहे ते सांगायला हवे. माझ्या सासूने सांगितले तसे सांगते. तिला तिच्या सासूने सांगितले होते. लढाईची मजा ऐकायला बसू नका. लढाई ह्या गोष्टीत आहे, मजा नाही.

फार जुने दिवस. राज्य एक आणि धनी दोन झाले. एका बापाचे दोन लेक, थोरला आणि धाकटा. त्यांची नावे किल्ल्यावरच्या पाटीवर आहेत, हवी तर वाचा. मी घेत नाही. नावे घेऊन आजवर कुणाचे पोट भरलेले नाही. भाऊ भांडले की तलवारी त्यांच्या आणि पीठ आमचे सांडते, एवढे लक्षात ठेवले तरी इतिहास कळतो.

थोरल्याच्या टाकसाळीचा रुपया वेगळा, धाकट्याच्या टाकसाळीचा वेगळा. कसबा दोघांच्या वाटेत पडलेला. आठ दिवस थोरल्याचे शिपाई, पुढचे आठ दिवस धाकट्याचे. ज्याच्या कमरेला दुसऱ्याचे नाणे सापडेल त्याची बोटे तोडायची, असा दोघांचाही हुकूम होता म्हणे. बाकी कशात त्यांचे पटले नाही, ह्यात पटले. मिठाचा वाणी रामलिंग, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे अशीच गेली. नाणे त्याचे नव्हतेच, गिऱ्हाइकाने नुकते हातावर ठेवले होते.

मग लोकांनी नाणी चुलीखाली पुरली आणि बाजार बसला. मीठ दुकानात आहे, जोंधळा घरात आहे, पण मधे हातोहात फिरवायला काही नाही. पाठीवर जोंधळा घेऊन मिठाला निघावे तर शिपाई वाटेतच पोते काढून घेत.

पेठेचा शेट्या होता विसाशेट. बाजाराचे भांडण तोडायचे, मापे खरी आहेत का बघायचे, हे त्याचे काम. त्याने पंच बसवले आणि ठरवले की आपल्या कसब्यापुरती आपण कागदाची चिठ्ठी काढू. एक चिठ्ठी म्हणजे पेठेच्या जमिनीखालच्या पेवातला एक मापटे जोंधळा. पेव आज उघडायचे नाही, शिपाई लुटतील. शांतता झाली की उघडायचे. तोवर चिठ्ठी ह्या हातातून त्या हातात जाऊ द्या. चिठ्ठीवर कुणाचा शिक्का घालायचा, ह्यावर फार वेळ गेला म्हणतात. थोरल्याचा घातला तर धाकटा मारणार, धाकट्याचा घातला तर थोरला. शेवटी विसाशेटने बाजाराचे मापटे उचलले, त्याची कड शाईत बुडवली आणि कागदावर दाबली. नुसते वाटोळे, आत काही नाही. कुणाचे नाव नव्हते, म्हणून त्यावरून कुणाची बोटेही तुटली नाहीत.

ही चिठ्ठी वेशीच्या आत घ्यायची. वेशीबाहेर ती नुसता कागद.

कागद कोण करणार? तळ्याच्या काठाला कागद्यांची आळी होती, अजून आहे. तिथे हुरमतबी नावाची बाई होती. नवरा पटकीने गेलेला, कारखाना तीच बघायची. कागद होतो जुन्या गोणपाटाचा, दोरांचा, चिंध्यांचा. पण रस्ते बंद, गोणपाट येईना. मग हुरमतबी पाटी घेऊन दारोदार फिरली. उंबऱ्यामागे एक कापड द्या, म्हणाली. कसलेही द्या. आणि कागद्यांचा एक जुना नेम आहे, चिंधी कुणाची ते विचारायचे नाही. कपडा माणसाच्या अंगावरून आलेला असतो, विचारत बसले तर काम होत नाही.

आता तानूबाईचे ऐका. गोष्ट तिची आहे.

तानूबाई कोष्टीण. हातमाग होता, दोन्ही छावण्यांना तंबूचे जाडेभरडे कापड विणून द्यायची. द्यायची म्हणजे ते न्यायचे. एकुलता एक मुलगा हैबती आणि त्याची बायको राही, अशी तीन माणसे घरात. दोन वर्षांमागे थोरल्याच्या शिपायांनी हैबतीला ओझी वाहायला वेठीला धरून नेला. दारातून ओढताना त्याचे पागोटे खाली पडले. उचलू दिले नाही. बोडक्या डोक्याने गेला. पुढे घाटात मोठी कापाकापी झाली. ओझेवाले मधे सापडले. कुणी म्हणाले हैबती पडताना आम्ही पाहिला, कुणी म्हणाले तो दुसरा कोणी असेल. प्रेत आले नाही. ओझेवाल्यांची प्रेते कोण परत आणतो?

पागोटे तांबडे होते. सूत तानूबाईने स्वतः काढलेले, आल नावाच्या झाडाच्या मुळीत स्वतः रंगवलेले. ते तिने भिंतीतल्या देवळीत ठेवले आणि रोज त्याच्यापुढे भाकरीचे ताट ठेवायला लागली. तो जेवला की मग आपण, असा नेम. आधी हे दहा पंधरा दिवस चालेल असे शेजाऱ्यांना वाटले. दोन वर्षे चालले. पुढे जोंधळा संपत आला, घरात दिवसाला दोन भाकरी व्हायला लागल्या, तेव्हाही त्यातली एक पागोट्यापुढे जायची आणि तिथून कावळ्याला. राहीने कुंकू पुसायचे नाही, बांगड्या उतरवायच्या नाहीत, माहेरी जायचे नाही. नवरा येईल तेव्हा घरात पाहिजे. राही वीस वर्षांची होती. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या, असे सांगतात.

हुरमतबी पाटी घेऊन आली तेव्हा तानूबाई कोष्ट्यांच्या आळीत कुणाचा माग लावून द्यायला गेली होती. परत आली तर देवळी रिकामी.

"पागोटं कुठाय?"

"दिलं."

"कुणाला दिलंस?"

"हुरमतबीच्या पाटीत टाकलं. उंबऱ्यामागं एक कापड मागत हुत्या. लुगडं एकच हाय, ते नेसलेय मी."

"माझा पोरगा दिलास तू!"

"आत्याबाई, पोरगा शिपायांनी नेला. मी पागोटं दिलं."

तानूबाई तशीच कागद्यांच्या आळीत पळाली. उशीर झाला होता. चुन्यात बुचकळून सगळ्या चिंध्या लगोलग ढेकीखाली गेल्या होत्या. पायाने दाबायची ती लाकडी ढेकी धाडधाड कुटत होती आणि खाली खळग्यात नुसता लगदा. एरवी हुरमतबी रंगीत चिंधी बाजूला काढायची, त्या दिवशी घाईत राहून गेली. आणि आलाचा तांबडा पक्का, चुन्याने बाकीचे रंग गेले, तो गेला नाही. त्या हौदातून जे कागद निघाले त्यांत तांबडे धागे आले.

राहीला तिने मारले का? मारले असेल. सांगणाऱ्या बायका इथे गप्प होतात, मीही होते.

पंधरा दिवसांनी तानूबाई मिठाला गेली तेव्हा रामलिंगाच्या गादीवर एक चिठ्ठी पडली होती. तिच्यात तांबडा धागा. तिने धागा ओळखला. आपल्या हातचे सूत बाई ओळखते. पीळ कमी आहे की जास्त, एवढ्यावरून ओळखते. तिने मीठ घेतलेच नाही. आपल्याजवळच्या दोन पांढऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि ती एक घेऊन घरी आली. देवळीत ठेवली.

तेव्हापासून तिने हेच धरले. तंबूचे उरलेसुरले कापड विकायची ते तांबडी चिठ्ठी देणाऱ्यालाच. पांढऱ्या घेऊन येईल त्याला परत पाठवायची. एका तांबडीला दोन पांढऱ्या देते म्हणायची, पुढे तीन. जमेल तेवढा हैबती ती घरी आणत होती.

इथे गावाची अक्कल फिरली. गावाला वाटले, ही बाई दोन्ही छावण्यांना कापड देते. हिला आतली खबर लागली असणार. लढाई संपल्यावर तांबड्या चिठ्ठीलाच जोंधळा मिळणार, पांढरी बुडणार, म्हणून ही तांबड्या गोळा करते आहे. एका आईच्या वेडाला बाजाराने व्यापार समजून घेतले. बाजाराला दुसरे काही समजतच नाही, त्याला इलाज नाही.

झाले. ज्याच्याकडे तांबडी, त्याने ती आढ्याला खोचली. पांढरी कोणी घेईना. रामलिंगाने गादी उचलली. गूळवाल्याने दार लावले. आठवडाभरात कसबा पुन्हा होता तिथे आला, उलट खाली गेला, कारण आता नाण्यावरही विश्वास नाही आणि कागदावरही नाही. मिठावाचून कण्या खाऊन लहान मुलांना जुलाब लागले. तळ्याकाठी तीन लहान खड्डे खणले गेले म्हणतात. ही तीन पोरे शिपायांनी मारलेली नव्हती, हे लक्षात घ्या.

तेव्हा विसाशेट पंचांना घेऊन तानूबाईच्या दारात आला. सगळी पेठ मागे उभी. त्याने डोक्याची पगडी काढून तिच्या उंबऱ्यावर ठेवली.

"तानूबाई, गावाच्या पोटाचा प्रश्न हाय. कोण जिंकनार, तांबडी ऱ्हानार का पांढरी, तुला ठावं हाय. काय खबर लागली असंल ती सांगून टाक."

तानूबाईने पगडी उचलून त्याच्या हातात परत दिली.

"खबर?" ती म्हणाली. "मला खबर लागली असती, तर ह्या चिंध्या गोळा करत बसले असते व्हय रं?"

कुणाला काही कळेना. मग राही आतून बाहेर आली आणि तिने चार शब्दांत सांगितले. त्यांचं पागोटं हाय त्या कागदात, म्हणाली.

रामलिंग वाणी खाली बसला. "मला वाटलं, रंगाला भाव आला," तो म्हणाला. "दोन बोटं आधीच गेली हुती. आता अक्कलबी गेली."

पंचांपैकी एकाने म्हटले, बाईच्या देवळीतून चिठ्ठ्या काढून घ्या, सक्तीने घ्या. तानूबाई कोयता घेऊन देवळीपुढे उभी राहिली. एका बाईच्या हातातला कोयता सोडवायला शिपाई लागले असते, आणि शिपायांना गावानेच बोलावले नसते.

मग हुरमतबी पुढे झाली. कोयत्याकडे तिने पाहिलेही नाही.

"बाई, कागद मी करते. माझं ऐक," ती म्हणाली. "चौदा हात पागोटं हुतं. चुन्यात भिजलं, ढेकीनं कुटलं, तळ्यात धुतलं. धुताना निम्मं सूत पान्यासंगं जातं. ऱ्हायलं ते कितीक चिठ्ठ्यांत गेलं, मलाबी ठावं न्हाई. तुज्याकडच्या समद्या भिजवून पिळल्यास, तर ईतभर चिंधी निघायची न्हाई. तू त्याला गोळा करू शकत न्हाईस."

"तू कर. परत पागोटं कर त्याचं."

"लगद्याचं पागोटं हुत न्हाई, बाई. हुत असतं तर माझ्या धन्याचा सदरा मी पयला केला असता. त्योबी त्याच हौदात गेला."

एवढे बोलून ती निघून गेली. पेठही हळूहळू पांगली.

तीन दिवस तानूबाईचे दार बंद होते. ताट मांडले गेले नाही. तिसऱ्या दिवशी तिने राहीला जवळ बसवले.

"मेला का गं त्यो?"

"व्हय."

"तुला कवापास्नं ठावं?"

"पागोट्याचा वास गेला तवापास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी ताट मांडत हुता," राही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानूबाई पाटी भरून चिठ्ठ्या घेऊन पेठेत आली. रामलिंगाचे दार वाजवले, गादी घालायला लावली. मीठ मोजून घेतले. गूळवाल्याचे दार वाजवले, गूळ घेतला. जोंधळा, डाळ, तेल, जे ज्याने दडवले होते ते बाहेर काढायला लावले आणि प्रत्येकाच्या हातावर चिठ्ठ्या ठेवल्या. तांबड्या वेगळ्या नाहीत, पांढऱ्या वेगळ्या नाहीत. हाताला येईल ती. रामलिंग एक तांबडी चिठ्ठी परत करायला लागला, ही तुजी ठेव बाई, म्हणाला.

"घे गप," ती म्हणाली. "तेराव्याचा बाजार हाय. भाव करत न्हाई, तूबी करू नगंस."

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तांबडी गेली तशी पांढरी गेली. मग लोकांनीही आढ्यातल्या काढल्या. संध्याकाळपर्यंत कसब्यात मीठ घरोघर पोचले होते.

पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला तळ्याकाठी अग्नी दिला. पुतळ्यात एक तांबडी चिठ्ठी घाला, असे कुणीतरी सुचवले. तानूबाई म्हणाली, "न्हाई. त्या मिठाला लागत्यात."

तेराव्याला कसबा जेवला. कागद्यांची आळीही जेवली. त्यांची पंगत वेगळी बसली म्हणतात. आजही वेगळीच बसावी असे म्हणणारे गावात आहेत, त्यांना मी काय म्हणते ते इथे नको.

जेवणे झाल्यावर आळीतल्या म्हाताऱ्या राहीच्या बांगड्या फोडायला उठल्या. तानूबाई मधे आली.

"दोन वरसं मी तिला बळंच सवाष्ण ठेवली," ती म्हणाली. "आता तुमी बळंच रांडाव करू नगा."

तेव्हाही काही जातींत विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लागत असे. पण सासरच्यांची परवानगी लागायची, आणि परवानगीचे सासरचे पैसे घ्यायचे. नवा दादला पैसे मोजायचा, मग बाई सुटायची. गाय सोडवावी तशी. राहीसाठीही कुणी विचारायला येईल आणि तानूबाईला म्हातारपणाला चार पैसे होतील, असे शेजाऱ्यांनी धरले होते.

तानूबाईने राहीचा हात धरला आणि तिला पूर्वेच्या वेशीत आणले. मागून बायका आल्या. तिच्या ओच्यात एक चिठ्ठी राहिली होती, तांबडी, धागा चांगला बोटभर दिसणारी. ती तिने राहीच्या हातावर ठेवली.

"ही वेशीच्या आत घेत्यात," ती म्हणाली. "भाईर हिला कोन इचारत न्हाई. तू माझ्या पोराची बायकू वेशीच्या आत. भाईर न्हाईस. जा."

"आन् तुमी?"

"मी हितंच."

"एकल्या?"

"माग हाय की. तू जा, ऊन वर याच्या आत जा. आन् म्हागं बघू नगंस, मी काय हितं हुबी ऱ्हानार न्हाई, मला भांडी घासायची हाईत."

राहीने खाली वाकून चिठ्ठी बुरुजाच्या पायथ्याशी ठेवली, वाऱ्याने जाऊ नये म्हणून वर दगड ठेवला, आणि वेस ओलांडली. ती कुठे गेली, कुणाच्या घरी नांदली, हे कुणाला माहीत नाही. तिने कळवले नाही. का कळवावे?

लढाई आणखी दीड वर्ष चालली. कोण जिंकले म्हणून संपली असे नाही, दोघे दमले म्हणून संपली. पेव उघडले, आणि जो चिठ्ठी घेऊन आला त्याला मापटेभर जोंधळा मिळाला, तांबडी असो की पांढरी. तळाचा जोंधळा किडका होता, पण शब्द होता म्हणून दिला. तानूबाई त्या रांगेत दिसली नाही. तिच्याकडे एकही चिठ्ठी नव्हती. पुढे पुष्कळ वर्षे तिने माग चालवला आणि एक दिवस मागावरच गेली, असे सांगतात.

हुरमतबीच्या वंशातले एक घर आजही वर्षाकाठी एक हौद कागद काढते. चिंध्यांत मूठभर तांबडे सूत टाकतात, सुकल्यावर जुन्या मापट्याची कड उमटवतात. हे कागद विकत मिळत नाहीत, कलेक्टर मागायला आले तरी मिळत नाहीत. आजही ह्या कसब्यात जिचा नवरा गेला आहे आणि जिला दुसरा संसार करायचा आहे, तिला तिची सासू वेशीत आणते, तो कागद हातावर देते आणि जा म्हणते. दिल्यावर कुणाची परवानगी लागत नाही, दिराची नाही, भावकीची नाही. गावातच घर मांडायचे असले तरी एकदा वेस ओलांडायची आणि मग परत यायचे. आणि सासू नसेल, किंवा असून हात आखडत असेल, तर गल्लीतली कुठलीही थोरली बाई कागद देऊ शकते, तेवढाच मान त्याला. गेल्या माघात एकीला असा दिला. तिची सासू घराचे दार लावून आत बसली होती. पोरीने कागदावर दगड ठेवला, पिशवी उचलली आणि वेशीबाहेर एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. गाडी दीड तास आली नाही. दीर दोनदा मोटरसायकलवरून येऊन वेशीच्या आत थांबला, हाका मारून गेला. तिने मान वळवली नाही. गाडी आल्यावर चढली.